न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तीच्या मनावर आघात झाला असेल तर : आधार देऊ इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

मनावर आघात झालेल्या माणसाला धीर देताना तीन वाक्ये आपल्या तोंडून सहज निघतात : ‘माझ्याकडे बघ’, ‘दीर्घ श्वास घे’ आणि ‘मन मोकळं कर’. तिन्हींमागचा हेतू चांगला असतो आणि अनेकांना त्यांचा उपयोगही होतो. परंतु समोरची व्यक्ती ऑटिस्टिक, म्हणजे ऑटिझम असलेली, असेल, तर नजरेला नजर देणे हाच तिच्यावरचा ताण असू शकतो. श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर छातीतली धडधड अधिकच जाणवून ती घाबरू शकते. आणि मनात काय चालले आहे हे शब्दांत सांगणे त्या क्षणी तिला शक्यच नसते. मग धीर देणारा थकतो, ती व्यक्ती आणखी मिटून जाते आणि ‘हिला मदत नकोच आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

ही चूक टाळू इच्छिणाऱ्या नातेवाइकांसाठी, मित्रांसाठी, शिक्षकांसाठी, सहकाऱ्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी हा लेख आहे. उपचार करणे हे या कोणाचे काम नाही. मात्र उपचारांच्या दोन भेटींमधले सगळे दिवस ती व्यक्ती याच माणसांत काढते, आणि बरे होण्याला अनुकूल वातावरण तिला मिळते की नाही हे बऱ्याच अंशी त्यांच्या वागण्यावर ठरते.

आधी शब्दांविषयी

ज्यांच्या मेंदूची विचार करण्याची, लक्ष देण्याची, संवेदना टिपण्याची किंवा शिकण्याची पद्धत बहुसंख्यांपेक्षा वेगळी असते, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. ऑटिझम (संवाद, सामाजिक व्यवहार आणि संवेदना यांतले जन्मजात वेगळेपण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ साधण्यातली अडचण), टुरेट सिंड्रोम (आपसूक होणाऱ्या हालचाली आणि आवाज) अशा अनेक प्रकारांचा त्यात समावेश होतो. एकाच व्यक्तीत यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे. तरीही ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्यास अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये पहिल्यांदा मुभा दिली. त्यामुळे आज प्रौढ असलेल्या अनेकांच्या वाट्याला अर्धेच निदान आले, आणि काहींना तर कोणतेच निदान मिळाले नाही. आधार देण्यासाठी कागदोपत्री निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ऑटिझमसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे, पण तो मला खटकतो. स्वतःतच मग्न असलेल्या माणसाला आजूबाजूच्या जगाचे काही वाटत नसावे, असा समज त्या शब्दातून होतो. आघाताच्या संदर्भात तर हा समज घातक ठरतो, कारण ‘त्याला काही कळलंच नाही’ असे म्हणून मोठमोठ्या दुखापतींकडे काणाडोळा केला जातो. व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरत असेल, तोच आपणही वापरावा.

पहिली पायरी : घटनेचा मोठेपणा आपल्या मापाने मोजू नये

आघातोत्तर ताणविकार, म्हणजेच पीटीएसडी, हे निदान १९८० मध्ये वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेत आले. त्या पुस्तिकेची सध्याची व्याख्या घटनेविषयी कडक आहे : मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांच्याशी त्या व्यक्तीचा संबंध आलेला असावा लागतो. ऑटिस्टिक व्यक्तींच्या अभ्यासांत मात्र या व्याख्येत न बसणाऱ्या घटनांनंतरही तशीच लक्षणे आढळली आहेत. वर्षानुवर्षांची चिडवाचिडवी, हातपाय धरून जबरदस्तीने केलेली तपासणी, शिक्षा म्हणून खोलीत कोंडून ठेवणे, सहन न होणाऱ्या आवाजात रोज बसायला लावणे, एकुलत्या एका विश्वासाच्या माणसाने काहीही न सांगता निघून जाणे, अशा घटना इतरांच्या लेखी किरकोळ असतील. पण ज्या मज्जासंस्थेला आवाज आणि स्पर्श कितीतरी पटींनी तीव्र जाणवतात, तिच्या दृष्टीने त्या तशा नसतात.

याला दुसरीही बाजू आहे. न्यूरोडायव्हर्जंट मुले आणि प्रौढ यांच्या वाट्याला छळ आणि फसवणूक इतरांपेक्षा अधिक प्रमाणात येते. संवादातल्या अडचणींमुळे त्यांची तक्रार कोणी ऐकत नाही, आणि ऐकली तरी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून नवख्या व्यक्तीने अगदी सुरुवातीलाच एक गोष्ट पाळावी : ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ हे वाक्य तर नाहीच, पण तो भावही चेहऱ्यावर येऊ देऊ नये. घटना आघात म्हणावी एवढी मोठी होती का, हा वाद आपण घालायचा नाही. झोप उडाली आहे, काही जागा टाळल्या जात आहेत, अंग सतत सावध आहे, एवढे दिसले तरी मदत सुरू करण्यास ते पुरेसे कारण आहे.

दुसरी पायरी : आधी जागा सुसह्य करावी

इंद्रियांना टोचणाऱ्या जागेत कोणतेही बोलणे पुढे सरकत नाही. लुकलुकणारा दिवा, पंख्याची घरघर, तीव्र अत्तर, मागून होणारी ये-जा, यांपैकी एखादी गोष्टही समोरच्या व्यक्तीचे सारे बळ खाऊन टाकू शकते. त्यात आघाताची आठवण बहुधा एखाद्या वासाला, आवाजाला किंवा स्पर्शाला चिकटलेली असते, आणि इतरांच्या लक्षातही न येणाऱ्या बारकाव्याने ती जागी होते. म्हणून भेटण्यापूर्वीच साध्या शब्दांत विचारावे : ‘प्रकाश कमी करू का? दार उघडं हवं की बंद? तुम्हाला कुठे बसायला आवडेल? कोणता वास किंवा आवाज नको आहे?’ दाराकडे जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि त्या वाटेत आपण बसू नये. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी किंवा तिरके बसणे, नाहीतर चालता चालता बोलणे, पुष्कळांना सोपे जाते.

हेडफोन, टोपी, गडद चष्मा, हातात फिरवायची वस्तू, वजनदार पांघरूण, यांना लाड समजू नये. हात हलवणे, डुलणे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे, याला स्टिमिंग म्हणतात आणि मज्जासंस्था त्यातून स्वतःला सावरत असते. ते थांबवणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातली फळी काढून घेणे होय. त्यातून इजा होत असेल, उदाहरणार्थ डोके भिंतीवर आपटले जात असेल, तरच मध्ये पडावे. आणि तेव्हाही हात धरण्याऐवजी मध्ये उशी ठेवावी.

तिसरी पायरी : बोलण्याची रीत बदलावी

माझ्या मते नवख्या व्यक्तीने सर्वाधिक वेळ याच पायरीला द्यावा, कारण बहुतेक गैरसमज इथेच निर्माण होतात.

‘तुम्हाला कसं वाटतंय?’ हा प्रश्न आपल्याला सोपा वाटतो. मात्र स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देण्यात जी अडचण येते, तिला अलेक्झिथायमिया म्हणतात, आणि अभ्यासांनुसार ऑटिस्टिक व्यक्तींपैकी सुमारे निम्म्या जणांमध्ये ती असते. पीटर सिफनिओस या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला. भूक, तहान, धडधड अशा शरीराच्या आतल्या खुणाही अनेकांना उशिरा किंवा अस्पष्ट कळतात. अशा व्यक्तीला भावनेचे नाव विचारले की ‘माहीत नाही’ असे उत्तर येते, आणि ते पूर्णपणे प्रामाणिक असते. त्याऐवजी ठोस प्रश्न विचारावेत : काल रात्री किती तास झोप लागली, पोटात किंवा जबड्यात काही आवळल्यासारखे होते का, आज नेहमीपेक्षा आवाज जास्त लागत आहेत का. काहींना शून्य ते दहा असे आकडे सोपे जातात, तर काहींना रंग किंवा चित्रे. आकड्यांनीच गोंधळ होत असेल, तर ‘कालपेक्षा जड, तेवढंच, की हलकं?’ एवढे तीन पर्याय पुरतात.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि विचारल्यावर थांबावे. दहा-पंधरा सेकंदांची शांतता आपल्याला अवघड वाटते, म्हणून आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो, आणि समोरची व्यक्ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुळवत असताना तिला सगळे पुन्हा सुरुवातीपासून करावे लागते. उत्तर दुसऱ्या दिवशी आले तरी चालेल, हे स्पष्ट सांगून ठेवावे. एरवी उत्तम बोलणाऱ्या व्यक्तीचेही बोलणे ताणात पूर्ण बंद पडू शकते. तेव्हा लिहून, टाइप करून, संदेश पाठवून किंवा चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून संवाद साधता यावा, याची तयारी आधीच करून ठेवावी. या साधनांनी मिळालेल्या उत्तराला तोंडी उत्तराइतकेच वजन द्यावे.

सूचक बोलणे टाळावे. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ या वाक्यात माहिती काहीच नसते, आणि ते खरे ठरले नाही तर विश्वासाला तडा जातो. ‘मी इथे चार वाजेपर्यंत आहे. तुम्हाला बोलायचं नसेल तर मी शेजारी बसून माझं वाचन करेन,’ हे वाक्य अधिक धीर देते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट पडताळून पाहता येते.

आणखी एक खूण चुकीची वाचली जाते. एखादी व्यक्ती अत्यंत क्लेशदायक प्रसंग सपाट आवाजात, तारखांसकट आणि तपशीलवार सांगते, कधी मध्येच हसते. ऐकणाऱ्याला वाटते की हिला फारसे लागलेले नाही, किंवा ही खोटे बोलत आहे. चेहरा आणि आतली वेदना यांचा मेळ प्रत्येक माणसात सारखा नसतो. २०१२ मध्ये डेमिअन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ मांडला. ऑटिस्टिक आणि इतर माणसे यांच्यातली न समजण्याची अडचण दोन्हीकडून असते, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याऐवजी शब्दांवर विश्वास ठेवावा.

चौथी पायरी : ‘हो’ म्हणजे संमती असे धरून चालू नये

लहानपणापासून ‘सांगतो तसं कर’, ‘सरळ बस’, ‘मिठी मार’ असे ऐकत वाढलेल्या अनेक न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींना नकार देण्याची सवयच राहिलेली नसते. शरीर नको म्हणत असताना हो म्हणायचे, हा धडा त्यांनी वर्षानुवर्षे गिरवलेला असतो; आणि आपली वेगळी ओळख लपवण्याचा, म्हणजे मास्किंगचा, सरावही त्याच वाटेने जातो. पुढे अत्याचार करणाऱ्याला या सवयीचा फायदा मिळतो. म्हणून आधार देताना आज्ञाधारकपणा वाढवणारे काहीही आपल्या हातून होऊ नये, अगदी त्या व्यक्तीच्या भल्यासाठीही नाही.

प्रत्यक्षात हे असे करता येते : पर्याय देताना दोन किंवा तीनच द्यावेत, आणि ‘यांतलं काहीच नको’ हा एक पर्याय त्यांत नेहमी असावा. स्पर्शापूर्वी दर वेळी विचारावे. काल चालले म्हणून आजही चालेल असे गृहीत धरू नये. थांबण्याची एखादी खूण ठरवावी, मग ती उलटे ठेवलेले कार्ड असेल किंवा टेबलावरची एक टिचकी. पहिल्यांदा ती खूण आली की काम, बोलणे, प्रश्न, सगळे तत्काळ आणि कारण न विचारता थांबवावे. नकाराने काही बिघडत नाही हा अनुभव ज्या व्यक्तीला कधी मिळालेला नाही, तिला तो देणे हे कोणत्याही सांत्वनापेक्षा मोठे काम आहे.

याच पायरीत पूर्वकल्पनाही येते. कोण येणार, किती वेळ, कशासाठी, त्यानंतर काय, हे आधी आणि शक्यतो लेखी कळवावे. बेत बदलला तर कळताक्षणी सांगावे. जे माहीत नाही त्याबद्दल ‘मला माहीत नाही, उद्या दुपारपर्यंत विचारून सांगतो’ असे म्हणावे, आणि दुपारपर्यंत उत्तर मिळाले नसेल तर तेही दुपारीच सांगावे.

पाचवी पायरी : स्वभाव कोणता आणि आघाताची खूण कोणती

या दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात. दचकणे, लोक टाळणे, एकाच विषयावर परत परत येणे, लक्ष न लागणे, झोप बिघडणे, हे ऑटिझममध्ये किंवा एडीएचडीतही दिसते आणि आघातानंतरही. त्यामुळे चूक दोन्ही दिशांनी होते : कधी आघाताची सारी लक्षणे ‘तो तसाच आहे’ म्हणून मूळ निदानाच्या खात्यावर टाकली जातात, तर कधी जन्मजात गरजांवर आघाताचा शिक्का बसतो आणि त्या ‘बऱ्या’ करण्याचे प्रयत्न सुरू होतात.

नवख्याने निदान करू नये. फक्त बदल टिपावा. तुलना इतरांशी करायची नसून त्याच व्यक्तीच्या आधीच्या दिवसांशी करायची आहे. पूर्वी आवडीने केली जाणारी गोष्ट सुटली आहे का? येत असलेली कौशल्ये, जसे आंघोळ, स्वयंपाक, बोलणे, मागे पडली आहेत का? एकच खेळ किंवा संवाद रुक्षपणे, आनंदाविना पुन्हा पुन्हा घडवला जातो आहे का? नवी भीती एखाद्या विशिष्ट माणसाशी, जागेशी किंवा वेळेशी बांधलेली आहे का? अशा नोंदी त्या व्यक्तीला सांगून, तिच्या परवानगीने ठेवाव्यात. तज्ज्ञाकडे जाताना त्यांचा उपयोग मोठ्या वर्णनापेक्षा जास्त होतो.

सहावी पायरी : कोसळण्याच्या क्षणी

मेल्टडाउनमध्ये ताण बाहेर फुटतो : ओरडणे, रडणे, वस्तू फेकणे. शटडाउनमध्ये तोच ताण आत कोंडतो आणि व्यक्ती निश्चल व निःशब्द होते. फ्लॅशबॅकमध्ये जुनी घटना आत्ता घडत असल्याचे शरीराला वाटते. बाहेरून या तिन्ही स्थिती ओळखणे कठीण असते, पण सुदैवाने सुरुवातीचे वागणे तिन्हींमध्ये बहुतांशी एकच आहे. आपला आवाज खाली आणावा, शब्द कमी करावेत, बघ्यांना दूर न्यावे, प्रकाश आणि गोंगाट घटवावा, धोक्याच्या वस्तू हलवाव्यात आणि थोड्या अंतरावर दिसेल असे थांबावे. प्रश्न विचारू नयेत. न विचारता स्पर्श करू नये, मागून तर कधीच नाही. फ्लॅशबॅक असावा असे वाटले, तर छोट्या वाक्यांत जागा आणि वेळ सांगावी : ‘आज मंगळवार आहे. आपण वाचनालयात आहोत. दार उघडं आहे.’

पकडून ठेवणे हा उपाय नव्हे. शरीर दाबून धरण्याने गुदमरून मृत्यूही होऊ शकतो आणि वाचलेल्यासाठी तो नवा आघात ठरतो. थेट जीवाला धोका असेल तेव्हा आपत्कालीन मदत बोलवावी, आणि येणाऱ्यांना दारातच सांगावे की ही व्यक्ती ऑटिस्टिक आहे, तिला आत्ता बोलता येत नाही आणि स्पर्श सहन होत नाही.

शांत झाल्यावर लगेच ‘काय झालं होतं?’ असे विचारू नये. पाणी, अंधार, पांघरूण आणि एकांत द्यावा. काहींना सावरायला तास लागतात, काहींना पूर्ण दिवस. पुढच्या वेळी काय करावे हे चांगल्या दिवशी, लिहून ठरवावे.

सातवी पायरी : तज्ज्ञाची निवड

आघाताची हकिकत खणून काढणे हे आपले काम नाही. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. जागतिक आरोग्य संघटना आता ती सुचवत नाही. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरे होण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, आठवणींचा सामना आणि शोक, मग जगाशी पुन्हा जोडले जाणे. आपला वाटा मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात आहे.

आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी पद्धत) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर या मान्यताप्राप्त पद्धती आहेत आणि न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींसाठी त्यांत बदल करता येतात : लहान सत्रे, लेखी कार्यक्रम, रूपकांऐवजी ठोस भाषा, डोळ्यांच्या हालचालींऐवजी हातांवर आळीपाळीने टिचक्या, आणि त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा आधार. थेरपिस्टला फोनवरच विचारावे की आपण असे बदल करता का, ईमेलवर संवाद चालेल का, नजरेला नजर दिली नाही तर चालेल का. ‘आमच्याकडे सर्वांना एकच पद्धत’ असे उत्तर आले, तर दुसरीकडे पाहावे.

आत्महत्येचा धोका ऑटिस्टिक प्रौढांमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आहे, म्हणून याबाबत आडवळणाने बोलू नये. ‘स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार नाही ना?’ या प्रश्नाचा अर्थ शब्दशः ऐकणाऱ्याला लागत नाही, आणि ‘नाही ना’ हे शब्द उत्तरही सुचवून टाकतात. ‘आत्महत्या करावी असे विचार येतात का? कशी करायची हे ठरवलं आहे का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

त्रास देणारी व्यक्ती अजून आसपास असेल, तर बाकीच्या साऱ्या पायऱ्यांआधी तिच्यापासून सुटका करावी लागते. इथे संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. ‘तुमच्या किंवा कोणा मुलाच्या जीवाला धोका आहे असं कळलं, तर मला योग्य ठिकाणी सांगावं लागेल, पण कोणाला सांगतो आहे हे आधी तुम्हाला कळवेन,’ हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे, म्हणजे ऐनवेळी विश्वासघात झाल्यासारखे वाटणार नाही.

आठवी पायरी : चुकल्यावर

चूक होणारच. दार जोरात लागेल, बेत कळवायचा राहील, न विचारता खांद्यावर हात जाईल. अशा वेळी लांबलचक माफी मागून समोरच्यालाच आपले सांत्वन करायला लावू नये. काय चुकले, पुढे काय बदलणार, एवढे दोन वाक्यांत सांगावे : ‘मी न सांगता दिवा लावला. यापुढे आधी विचारेन.’ मग खरोखर विचारावे. आपणही थकतो, आणि आधार देणारा स्वतः न्यूरोडायव्हर्जंट असेल तर दोघांच्या संवेदनांच्या गरजा एकमेकींना छेदू शकतात. एकाला डुलताना गुणगुणावेसे वाटते आणि दुसऱ्याला तोच आवाज सहन होत नाही. अशा वेळी वेळा वाटून घ्याव्यात, दुसरा माणूस सोबतीला घ्यावा, आणि विश्रांतीसाठी जाताना परत कधी येणार ते सांगून जावे.

दर काही आठवड्यांनी त्या व्यक्तीला एक कागद द्यावा, ज्यावर तीनच प्रश्न असतील : मी जे करतो आहे त्यातलं काय चालू ठेवू? काय बंद करू? काय नव्याने करून पाहू? कागद आठवडाभर तिच्याकडेच राहू द्यावा. कोरा परत आला तर तोही ठेवून घ्यावा आणि पुढच्या वेळी नवा द्यावा.